तक्त्यात नसलेलं नाव

माचामे,
रविवार, १९ ऑक्टोबर, दुपार

चि. आतुपेले हिला एलिउफोचे आशीर्वाद, आणि आइकांडेच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

इकडे देवाच्या दयेनं आम्ही सगळे उभे आहोत. आईचा गुडघा सोडला तर तक्रार अशी कुणाची नाही, आणि आईचा गुडघा हा आता घरातला एक माणूसच झालाय. सकाळी उठल्यावर आधी त्याची विचारपूस, मग माझी. चर्चमधून आत्ताच परत आलो. आज नवे पाद्री बोलले. दीड तास बोलले. पहिल्या अर्ध्या तासातच मामकिंगा शेजारी घोरायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला असा कोपरा मारला की तो उठून मोठ्यानं "आमेन" म्हणाला. सगळं चर्च हसलं. पाद्रीही हसले, पण थांबले नाहीत.

पाऊस अजून नीट धरत नाही. पाटाच्या पाण्यावरून मामकिंगाशी माझं परत वाजलं. मंगळवारची पाळी आपली, आणि हा सोमवारी रात्रीच बांध फोडून पाणी स्वतःच्या केळींत वळवतो. विचारलं तर म्हणतो, "पाण्याला वार कळत नाही रे बाबा." असल्या माणसाशी काय भांडायचं!

गाय व्यायली. कालवड झाली, तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. आईनं तिचं नाव ठेवलेलं नाही. म्हणते, नाव आइकांडे ठेवील. पोर नाताळला येईल तेव्हा ठेवील. तोवर आम्ही तिला नुसतं "ए" म्हणतो.

आता मुद्द्याचं. आईच्या सांगण्यावरून हे पत्र लिहितोय. २७ डिसेंबरला आनाएलीच्या थडग्यावर दगड बसवायचं ठरलंय. नाताळला सगळी भावकी गावात असते, म्हणून तोच दिवस. बोमा गावाहून गवंडी येऊन माप घेऊन गेला. म्बेगेसाठी केळी राखून ठेवलीत, आई स्वतः उभी राहून ती बिअर काढून घेणार आहे, गुडघा असो की नसो. तू आणि पोरीनं यायलाच हवं. आईचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "तिला म्हणावं, तू आली नाहीस तर दगड बसणार नाही. मी गवंड्याला परत पाठवीन. माझा मुलगा चिखलात राहील, पण त्याच्या बायकोवाचून दगड नाही."

आणि दुसरी गोष्ट फोटोची. दगडात फोटो बसवायचा असतो. आईला शिखरावरचा फोटो हवाय. तो तू पाहिलेला नाहीस. सॉल्वेगबाईंनी नॉर्वेहून पाठवला, एप्रिलमध्ये. सॉल्वेगबाई म्हणजे त्या वेळच्या गटातल्या एकाहत्तर वर्षांच्या पाहुण्या. त्यांची ती तिसरी खेप होती, आधी दोनदा अर्ध्यातून उतरल्या होत्या. फोटोत त्या आणि आनाएली शिखराच्या पाटीपाशी बसलेत, मागे बर्फाची भिंत, आणि दोघंही हसतायत. आईनं तो मोठा करून आणला, काच लावली आणि बैठकीत टांगला. आलेल्या-गेलेल्याला दाखवते. "बघा, कसा हसतोय. शेवटी डोंगरावर होता, आनंदात होता." गवंडी म्हणतो, फोटो बायकोच्या संमतीनं लागतो, नाहीतर मागाहून कटकटी होतात. तर तुझी संमती कळव, असं आई म्हणते.

माझं मत विचारशील तर लग्नातला फोटो बरा. पण ते तुम्ही दोघींनी ठरवा.

मी फोन केला असता. पण फोनवर तू "हं, हं" म्हणतेस आणि "आईंना द्या" म्हणतेस. तुझा राग नाही मला. उलट ते "हं" ऐकलं की बरं वाटतं, निदान श्वास तरी ऐकू येतो.

कामाचं म्हणशील तर चालू आहे. जानेवारीनंतर पाहुण्यांचे नऊ गट डोंगरावर नेले, सगळे सुखरूप खाली आणले. हमालांनी मला नवं नाव ठेवलंय, "बोटवाला". कारण आता सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांबरोबर मी सगळ्यांच्याच बोटाला ऑक्सिमीटर लावतो. हमाल, आचारी, पाणक्या, भांडी घासणारा, सगळे. तीस-तीस माणसं असतात, तासभर जातो. रांग लावून उभे राहतात आणि चेष्टा करतात. "बोटवाले, माझी बायको विचारत होती, पोट पण मोजता का?" कंपनी कुरकुर करते, की पाहुण्यांचा चहा थंड होतो. होऊ दे.

आइकांडेची शाळा कशी चाललीय? तिला वाचता यायला लागलं का? तिला यातलं

(इथवर लिहून पेन ठेवलं होतं. आज मंगळवार आहे, सकाळ. आई चारा कापायला गेलीय.)

आतुपेले, वरचं सगळं खरं आहे. कालवड खरी आहे, दगड खरा आहे, मामकिंगा तर फारच खरा आहे. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते त्यात नाही. रविवारी वाटलं होतं, बातम्या लिहिता लिहिता हात सैल होईल आणि ते आपोआप येईल. आलं नाही. आता मुद्दाम लिहावं लागणार.

माती दिली त्या दिवशी तू मला एकच प्रश्न विचारलास. सगळे केळींमधून घराकडे निघाले होते, तू मागे थांबलीस. म्हणालीस, "दादा, त्यांनी खाली जायचं म्हटलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही. चकार शब्द नाही."

ते खोटं होतं. म्हटलं होतं. दोनदा.

आता क्रमानं सांगतो.

तुम्ही दोघी चार जानेवारीला शहरात, दारला परत गेलात. तो थांबला, कारण माझ्या नेहमीच्या सहायकाचा घोटा मोडला होता आणि नऊ तारखेला सहा पाहुण्यांचा गट निघायचा होता. तू फोनवर नको म्हणालीस. म्हणालीस, सहा वर्षं झाली त्यांना डोंगर सोडून, समुद्राकाठी राहतात, फ्रिज दुरुस्त करतात, आता नको. तुझं बरोबर होतं. मीच फोन त्याच्या हातातून घेतला आणि तुला म्हणालो, "अगं, नव्वद वेळा चढलाय तो. मी वर नेतो तसा खाली आणून तुझ्या हातात देतो." तू म्हणालीस, "तुम्ही म्हणता म्हणून हो म्हणते." हे शब्द मला रोज ऐकू येतात.

पहिले दोन दिवस तो मजेत होता. जंगलातून गात गेला, त्याचा गळा तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी साडेचार हजार मीटरवर गाणं बंद झालं. मी ओळखायला हवं होतं. पण मी पाहुण्यांकडे बघत होतो, तेच माझं काम, तेवढंच माझं काम असं मी धरून चाललो होतो. पाहुण्यांना डोंगर लागतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, पाय लटपटतात. त्यासाठी आमच्याकडे छापील तक्ता असतो. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पाहुण्याचं नाव, नाडी, ऑक्सिजन. आमची नावं त्या तक्त्यात नसतात. कुणी कधी विचारलंही नाही की का नसतात. आम्ही या डोंगराच्या, किबोच्या पायथ्याशी जन्मलेली माणसं, आम्हाला आमचाच डोंगर कसा लागेल! आमच्या बापजाद्यांपासून हा माज आहे. मेलेल्यालाही आम्ही किबोकडे तोंड करून पुरतो, आणि जिवंतपणी समजतो की तो आम्हाला ओळखतो.

शेवटच्या तळावर, बराफूला, दुपारी दोनला पोचलो. चारला मी पाहुण्यांची बोटं तपासली. त्यांच्यात एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा होता, शर्यतीत धावणारा, घोड्यासारखा. त्याचा आकडा आला बहात्तर आणि तो दोनदा ओकला होता. मी त्याला सांगितलं, तुझं शिखर इथंच. तो रडला, भांडला, म्हणाला मी एवढ्या लांबून आलोय. मी ऐकलं नाही. दुसरा सहायक सिफाएली त्याला घेऊन तिथल्या तिथे खाली निघाला. मला स्वतःचा अभिमान वाटला, की किती नेटानं निर्णय घेतला.

ते दोघं दिसेनासे झाले आणि आनाएली माझ्या तंबूत आला. चेहरा राखेसारखा. खाली बसला आणि म्हणाला, "दादा, मलापण जाऊ दे त्यांच्याबरोबर. अजून गाठीन मी त्यांना."

मी म्हणालो, "का रे?"

"डोकं फुटतंय परवापासून. ओकतोय. खडकामागे जाऊन ओकतो, हमालांनी बघू नये म्हणून."

मी हसलो, आतुपेले. खरंच हसलो. म्हणालो, "दारचं नारळपाणी पिऊन रक्त पातळ झालंय तुझं. डोंगर लागला म्हणून सांगणारेस का खाली? नावं ठेवतील लेकाचे, अख्ख्या माचामेत तोंड दाखवता येणार नाही."

तोही हसला थोडा. मग त्यानंच समोरचं ऑक्सिमीटर उचललं आणि बोटाला लावलं. सहासष्ट.

आम्ही दोघांनी तो आकडा बघितला. मी यंत्र त्याच्या बोटावरून काढलं, शर्टाला पुसलं आणि म्हणालो, "बोटं गार पडलीत तुझी, म्हणून दाखवतंय." परत लावून बघितलं नाही. मला माहीत होतं काय दिसेल ते.

का केलं असं? नऊ महिने मी स्वतःला हे विचारतोय. पाच पाहुणे उरले होते आणि आम्ही दोघं. तो उतरला असता तर नियमानं माझ्या एकट्याबरोबर तीनच पाहुणे जाऊ शकत होते. दोघांना थांबवावं लागलं असतं आणि त्यात सॉल्वेगबाई पहिल्या. त्या दुपारभर बूट पुसत बसल्या होत्या, मला म्हणाल्या होत्या, आता चौथ्यांदा यायला मी जगणार नाही. मला त्यांची दया आली. दया! परक्या म्हातारीची दया आली आणि पाठच्या भावाची नाही आली. का, तर तो आपला. आपल्या माणसाला काय होतंय, आपला माणूस निभावून नेईल. मी त्याला म्हणालो, "एक रात्र काढ. उद्या आठला उतरायला लागू आपण." तो म्हणाला, "बरं, दादा." त्यानं मला कधी उलट उत्तर दिलेलं नाही. लहानपणी मी त्याचा वाटा खायचो तेव्हाही "बरं, दादा"च.

दुसऱ्यांदा म्हणाला ते पहाटे, रात्रीच्या चढाईत, शिखराच्या कड्याच्या थोडं खाली. एका दगडाला टेकला आणि म्हणाला, "मी इथं बसतो. उतरताना घ्या मला." मी म्हणालो, बसलास तर गोठशील, आणि दंडाला धरून उठवला. गोठला असता हे खरं. पण मी सगळ्यांनाच तिथून मागे फिरवू शकत होतो. पाहुणे रागावले असते. एवढंच झालं असतं.

पावणेसातला शिखरावर पोचलो. सॉल्वेगबाई ढसाढसा रडल्या, सगळ्यांना मिठ्या मारल्या. आनाएली पाटीपाशी बसला होता. बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या, त्यांनी त्याचा हात हातात घेतला. आणि तो आपल्या बोलीत त्यांना म्हणाला, "आई, गाईला चारा घातलास का? की मी घालून येऊ?" बाईंना वाटलं, काहीतरी गोड बोलतोय, आशीर्वाद देतोय. त्या हसल्या. त्यांना हसताना बघून तोही हसला. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

तोच हा फोटो. आई ज्याला हसणं म्हणते ते हे. काचेतून रोज बघतो मी, जाता-येता. डोळ्यांखाली चेहरा सुजलाय, ओठ निळे आहेत. मला दिसतं, कारण माझं कामच ते बघायचं आहे. आईला तिचा मुलगा हसताना दिसतो.

उतरताना त्याचे पाय दारुड्यासारखे पडायला लागले. तळावरून चहा घेऊन वर आलेले हमाल म्हणाले, "काय आनाएली, वर म्बेगे मिळाली वाटतं!" मग त्याला पाठीवर घेतला, पाळीपाळीनं. चाकाचा स्ट्रेचर वर आला, सहा जणांनी धरला, पळत सुटलो. वाटेत तो शुद्धीवर नव्हता, तेव्हा त्याला कळलं असेल असं मला वाटत नाही. तुला हे खोटं समाधान म्हणून लिहीत नाही, मी त्याच्या तोंडाशी कान लावून पळत होतो. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला. मी आणखी अर्धा तास स्ट्रेचर थांबवू दिला नाही.

चौकशीत मी लिहून दिलं की तो शिखरापर्यंत ठणठणीत होता आणि अचानक कोसळला. तक्ता मागितला, दिला. त्यात सहा पाहुण्यांचे आकडे होते, सगळे खरे. त्याचा कुठेच नव्हता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तुला खोटं का बोललो? परवान्यासाठी नाही. वाटाड्याचा परवाना गेला तर गेला. तुझ्यामागे दहा पावलांवर आई उभी होती, तिनं ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही अर्धंच. खरं हे की तू विचारलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत दिसलं की तुला आधीच ठाऊक आहे, आणि तरी तू मला एक संधी देत होतीस. आणि मी भ्यायलो. एवढा डोंगर चढणारा माणूस, पण तुला भ्यायलो.

चौकशीवाल्यांना कालच दुसरं पत्र टाकलं, त्यात हे सगळं आहे. ते करतील ते करोत. आईला गुरुवारी सांगणार, हे पत्र तुझ्या हाती पडल्यावर. आधी तुला, कारण प्रश्न तू विचारला होतास.

एक गोष्ट राहिली. तुझ्या माहेरी, तुकुयूकडे ही चाल नाही, म्हणून सांगतो. आमच्या केळींना कुंपण असतं ना, लांब पानांच्या झाडाचं, त्याला आम्ही इसाले म्हणतो. कुणाचा मोठा अपराध केला तर त्या झाडाच्या पानाला गाठ मारून ते त्याच्या दारात पाठवायचं. आणि ज्याच्या दारात ते पान आलं त्याला माफ करावंच लागतं. रक्ताचं वैर असलं तरी. पानाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणाऱ्यावर अख्खी भावकी उलटते, आणि त्याच्या घराला बरकत राहत नाही असं मानतात. तू या घरची सून, तेव्हा तुलाही ते लागू.

काल मी कुंपणापाशी गेलो आणि एक पान तोडलं. गाठ मारत होतो तर मागे आई, डोक्यावर चाऱ्याचा भारा.

"कुणाची माफी मागायला निघालास?"

म्हणालो, "कुणाची नाही गं. शेळी कुंपण खातेय का ते बघत होतो."

"शेळी हे पान खात नाही," एवढंच म्हणाली आणि गोठ्यात गेली. जेवताना बोलली नाही. गुडघ्याबद्दलही नाही.

ते पान या पाकिटात घालणार होतो. रात्रभर विचार केला आणि घातलं नाही. फोनवर मी तुझ्याकडून एकदा हो म्हणवून घेतलं होतं, दादा म्हणतो म्हणून. आता पान पाठवून दुसऱ्यांदा म्हणवून घेऊ का? मला माफी हवी आहे, आतुपेले. फार हवी आहे, किती ते लिहिता येत नाही. पण तुला नाही म्हणायची मोकळीक असायला हवी. आजन्म नाही म्हणालीस तरी तुझं कुणी काही वाकडं म्हणणार नाही, मी म्हणू देणार नाही.

डिसेंबरात ये, आईसाठी आणि त्याच्यासाठी. दगड बसवताना मी तिथं असावं की नसावं, ते तू कळव. नसावं म्हणालीस तर मी त्या आठवड्यात वर एखादा गट घेऊन जाईन आणि भावकीला माझ्यातर्फे काय सांगायचं ते मीच सांगून जाईन.

बारा वाजता मोशीहून बस सुटते. कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्या हाती देतो. उद्या संध्याकाळी दारच्या स्टँडवर तुझं नाव सांगून घे.

खाली "तुझा दादा" लिहायला पेन टेकवलं होतं. लिहिलं नाही. तसं म्हणायचं की नाही, हे या वेळी तू ठरव.

एलिउफो